पंचाहत्तरवरचं टेंगूळ

अकरा दिवस मी एका टेंगळाशी भांडत होते. संगणकाच्या पडद्यावर क्ष-किरणांच्या ऊर्जेची रेघ सपाट यायला हवी, तिथे पंचाहत्तरच्या आकड्यापाशी ते उभं, आणि पंचाऐंशीवर त्याचं धाकटं भावंड. ही शिशाची खूण. आम्हाला मोजायची होती ती रेघही नेमकी तिथेच येणार होती.

मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात असं यंत्र आहे हेच मुळात कुणाला खरं वाटत नाही. अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात जर्मेनियम या अर्धवाहकाचा मुठीएवढा स्फटिक, तो क्ष-किरण मोजतो. त्याला थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य साठवायला येतो, त्यातलाच आम्ही मागून आणतो. युरोपातल्या एका प्रवेगकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, मेसॉनच्या अणूंचा प्रयोग होता. अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी मेसॉन नावाचा कण बसवायचा आणि तो आत कोसळताना क्ष-किरण सोडतो ते मोजायचे. आमचा स्फटिक चाचणीत पास झाला तर तो जाणार होता, आणि सोबत दोन माणसं: मी आणि माझी विद्यार्थिनी बिलकिस. अहवालाची मुदत शुक्रवार.

बिलकिस नांदुऱ्याहून रोज बसने येते. स्फटिकाभोवती शिशाच्या विटा रचून आतून तांब्याचा पत्रा लावायचं काम तिचं. विटा बाहेरचे किरण अडवतात, पत्रा विटांचे. तेव्हा शिसं दिसतंय म्हणजे पत्र्यात फट, म्हणजे बिलकिसचा हलगर्जीपणा. इतकं सरळ होतं.

तीनदा विटा उतरवल्या, तीनदा रचल्या. टेंगूळ जागेवर.

"मॅडम, तोंडावरची टोपी काढून एकदा पाहता का?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती. नळकांड्याच्या तोंडाला धूळ लागू नये म्हणून प्लॅस्टिकची टोपी असते.

"टोपीत काय आहे? पत्रा नीट बसव." माझं डोकं तेव्हाच तापलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी प्रवेगकाच्या लोकांना मेल टाकला. विद्यार्थिनीच्या कामात कसूर आहे, तिचं नाव तूर्त काढावं, यंत्र मी स्वतः दुरुस्त करते. तिला तसं तोंडावरही सांगितलं. ती वाकून चौथ्यांदा विटा उतरवायला लागली. त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात आमचे प्रयोगशाळेतले शिपाई निवृत्तीमामा चहा घेऊन आले. विटांच्या ढिगाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"एवढी उस्तवारी करून राह्यल्या मॅडम, पण पूजेचा शेंदूर तं नाही पुसल्या गेला ना? मारुतीचा होता, म्हणून म्हणतो."

मी कप खाली ठेवला. टोपी काढली.

नळकांड्याच्या तोंडावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड ठसा होता. शेंदूर म्हणजे शिशापासूनच केलेली भुकटी. चाचणीचे किरण आधी त्याच्यावर आदळत आणि तो शिशाचे किरण थेट स्फटिकात पाठवत होता. ठसा माझ्या अंगठ्याचा. खंडेनवमीला यंत्राच्या पूजेसाठी मामा शेंदराची वाटी घेऊन मागे लागले होते, मी "आटपा लवकर" म्हणत अंगठा टेकवला आणि वर टोपी घातली. बिलकिस तेव्हा दाराशी उभी होती.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी टोपी काढून पाह्यली होती."

"मग पुसलं का नाहीस? मिनिटाचं काम. अकरा दिवस माझा जीव खाल्लास." चूक माझी दिसत होती, तरी मी ओरडतच होते.

ती आधी मामांकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मी पुसला असता मॅडम, अन् कोणी पाह्यलं असतं तं? मी नुसती टोपी काढा म्हटलं. मले वाटलं तुमी पाहसाल."

मग मामांनीच कापूस आणला आणि स्पिरिटमध्ये बुडवून माझ्या हातात दिला.

"तुमीच पुसा," ते म्हणाले. "लावलाही तुमीच होता."

चारपर्यंत टेंगूळ गेलं. अहवाल पाठवला, सोबत चूक माझी होती असंही लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: यंत्र मंजूर. विद्यार्थिनीची जागा मात्र दुपारीच दुसऱ्या कॉलेजला दिली गेली आहे, क्षमस्व. तुमची जागा कायम आहे; येणाऱ्याच्या नावाचा अर्ज सोबत आहे.

मी ते दोनदा वाचलं. या प्रयोगासाठी मी नऊ वर्षं अर्ज करत होते. बिलकिस पाठमोरी बसून टोपी साबणाने धूत होती, सव्वासहाची बस गाठायची म्हणून घाईत.

"थांब जरा," मी म्हटलं, "पासपोर्टवर तुझं नाव कसं आहे ते सांग."

तिने सांगितलं. मी अर्जावरचं माझं नाव खोडलं आणि तिथे ते लिहिलं.