फावड्याच्या लेकीचे दात

या, बसा. घरात दुधाचे दात पडायच्या वयाचं पोर असेल तर जरा पुढंच सरका, कारण गोष्ट तुमच्या कामाची आहे. दातांची आहे, पण त्याहून जास्त सुडाची आहे.

एक सायकल दुरुस्त करणारा होता. अख्खा रस्ता त्याला फावड्या म्हणायचा. वरचे दात असे पुढं, की ओठ मिटायचे नाहीत. आणि हे नाव ठेवलं कुणी? परक्यानं नाही, सख्ख्या थोरल्या भावानं! तेही भर शाळेत. चाळिशी उलटली, डोक्यावर चांदी आली, पण नाव काही सुटलं नाही.

स्वतःपुरतं त्यानं ते गिळलं होतं. पण लेकीचेही दात तसेच आले. एकदा सगळं घर जेवायला जमलं होतं. थोरला हात पुसत पोरीकडं बघून म्हणाला, "वा रे वा! फावड्याची फावडी!"

सगळे फिदीफिदी हसले. बारा वर्षांची पोर. तिचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. बोलताना हात, हसताना हात.

सायकलवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिन्यांनी थोरल्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. त्या लग्नात माझी पोर बत्तीशी दाखवून हसेल, आणि दादाचं तोंड एवढंसं होईल!

दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं. बाई वाकडे दात सरळ करण्यातल्याच. फोटो काढले, साचा घेतला आणि म्हणाल्या, "तारा लावू. दोन वर्षं धरून चाला."

"पाच महिन्यांत करा. पुतणीचं लग्न आहे."

"लग्न पुतणीचं आहे ना? मग हिच्या दातांना कसली घाई?" बाई हसल्या. "सात-आठ वर्षांची असताना एकदा नुसती दाखवायला आणली असतीत, तर कदाचित काम सोपं झालं असतं. असू दे, उशीर झालेला नाही. चिकट आणि कडक खायचं नाही, प्रत्येक खाण्यानंतर दात घासायचे, आणि महिन्यातून एकदा यायचं. घट्ट करायचं काम माझं."

तारा बसल्या. पहिले चार दिवस पोरीनं भात कालवून गिळला. गालाला आतून टोचायचं, तिथं बाईंनी दिलेलं मेण चिकटवायची. पण कुरकुर नाही. कुरकुर होती ती बापाची. रोज सकाळी टॉर्च घेऊन हा हजर. "आ कर." बघायचा आणि तोंड पाडून म्हणायचा, "अजून तसेच!"

"अहो, पोर आहे ती, पंक्चर काढायला आलेली ट्यूब नाही," बायको करवादायची. ऐकतोय कोण!

तीन महिने झाले. लग्नाच्या पत्रिकेबरोबर थोरल्याचा निरोप आला, "फावडीला पुढं उभी करू नका रे फोटोत."

झालं! त्याचं डोकंच फिरलं. दुकानात स्टुलावर पोरीला बसवलं, बारीक पक्कड पुसली, आणि म्हणाला, "घाबरू नको. हे तर माझं रोजचं काम." मागच्या दाढेपाशी तारेचं टोक धरलं आणि दिलं ओढून! खट्. एका दातावर चिकटवलेला, तार धरणारा चौकोन निघाला, तार गालात घुसली. पोरीच्या तोंडातून रक्त आलं. ती बापाकडं नुसती बघत राहिली.

तो तिला घेऊन तसाच दवाखान्यात पळाला. डॉक्टरीणबाईंनी रुतलेली तार काढली, जखम साफ केली. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"चाक वाकडं झालं की काय करता?"

"स्पोक थोडे थोडे आवळतो."

"एकच स्पोक एकदम आवळला तर?"

"बाई, अडाणी समजलात काय? रिम कायमची जाईल."

आणि त्याची नजर पोरीच्या गालाकडं गेली.

बाई म्हणाल्या, "दात हाडात रुतलेला असतो. हळू ओढला की पुढचं हाड विरतं, मागं नवं भरतं, तेव्हा दात सरकतो. जोर केला तर मूळ झिजतं. झिजलेलं मूळ परत वाढत नाही. नशीब, आज फक्त गाल फाटला. आणि तारा निघाल्या तरी दात जुन्या जागी पळायला बघतात. नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घालावा लागतो, तोही मी सांगेन तोवर. ही दादाला दाखवायची गोष्ट नाही हो."

बापाचा आवाज चढला. "पण त्यानं तिला हसणं विसरायला लावलं!"

तेवढ्यात पोर गालावर कापूस धरून पुटपुटली, "बाबा, काका वर्षातून दोनदा बघतात माझे दात. तुम्ही रोज बघता."

अरे रे रे! थोरल्याला इतक्या वर्षांत दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्यानं त्या क्षणी स्वतःला दिल्या. भावावर उगारलेली पक्कड त्यानं पोरीच्या तोंडात घातली होती!

टॉर्च दुकानाच्या खोक्यात गेला.

लग्नाच्या दिवशी दात थोडेच सरकले होते. वर तारा चमकत होत्या. फोटोच्या वेळी थोरला सवयीनं बोललाच, "काय फावडे, आता लोखंडी झालीस?"

सायकलवाल्याच्या मुठी वळल्या. पण पोरीनं हात खाली घेतला. सगळ्या तारा दाखवत हसली आणि म्हणाली, "काका, माझे दात दोन वर्षांत सरळ होतील. तुमच्या जिभेला तार बसते का, विचारू का डॉक्टरांना?"

मंडप असा हसला की नवरीला डोळे पुसावे लागले. थोरल्याचं तोंड खरंच एवढंसं झालं, आणि सायकलवाल्यानं ते डोळे भरून बघून घेतलं. खोटं कशाला बोलू?

पण दादाला तिनं हरवलं ते वाकड्याच दातांनी, हे त्याला कळलं. पोरांचे दात पोरांसाठी सरळ करायचे असतात, आपले जुने हिशेब मिटवायला नाही. वेळेवर दाखवा, जाणत्याकडं न्या, आणि लागेल तेवढा वेळ द्या.

आता माझं एक काम करा. आज घरी गेलात आणि पोर हसलं, तर दातांकडं बघू नका. त्याच्याबरोबर हसा. एवढं कराल ना?