पोटावर कूलंट आलं कुठून?

मी एक जुना इन्सुलिनचा पेन आहे. शाईचा नव्हे. माझ्या पोटात औषधाची काचेची नळी बसते आणि टोकाला सुई. मित्रांनो, गोड बोलायला मला जमणार नाही.

माझे धनी हिंदुराव चाकणच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. साखरेचा आजार. डबा खायच्या आधी ते मला शर्टाच्या आत, पोटावर टोचायचे. तेही संडासात लपून, कारण ठेकेदाराला आजारी माणूस नको असतो. पुढे टोचल्या जागी लाल गांधी उठू लागल्या.

आता त्या शॉपची, म्हणजे मशीनखात्याची, रीत ऐका. मशीनवर लोखंड कापताना ते गार ठेवणारं कूलंटचं पांढरं पाणी उडतं, सगळ्यांचेच हात खाजतात. म्हणून खाज म्हटली की कूलंट, आणि कूलंट म्हटलं की मलम. सुपरवायझर सोपानराव मान वर न करता म्हणायचा, "लाव मलम, चल लाइनीवर."

हिंदुरावांना शर्टावरून पोट खाजवताना बघून शेजारच्या मशीनवरचा रणजीत हसायचा. "पोटानं मशीनला लोखंडाचा जॉब लावता काय, राव?"

चेष्टेतच खरा प्रश्न होता. पण थांबून विचार कुणीच केला नाही, हिंदुरावांनीही नाही. मला तोंड नाही, याचा संताप अजून जात नाही.

एका दुपारी माझी सुई टोचून बाहेर येतात तोच हिंदुरावांचे ओठ सुजले, अंगभर गांधी, छातीत घरघर.

"मलम आण रे!" सोपानराव ओरडला.

"मलम घाला चुलीत! गाडी काढा!" रणजीतनं त्यांना उचललं. मी खिशातच होतो.

पिंपरीच्या दवाखान्यात श्वास ताळ्यावर आला, तेव्हा डॉक्टर तेजस्विनी मॅडमनी त्यांचा शर्ट वर केला.

"काका, या गांधी कधीपासून?"

"लई दिवस. कूलंटच्या हायत."

"शर्टाच्या आत कूलंट?" मॅडमनी खिशातून मला बाहेर काढलं. "सुई टोचता तिथंच गांधी आहेत. ही इन्सुलिनची ॲलर्जी आहे. क्वचित होते, पण होते."

"मग ती सुई बंदच करा," बायको रुक्मिणीबाई रडत म्हणाल्या.

"बंद केली तर साखर जीव घेईल, मावशी. तपासण्या करू, दुसरं औषध आमच्या नजरेसमोर देऊन बघू."

दुसरं मानवलं. त्याची नळी माझ्यात बसत नाही, म्हणून मी फ्रिजच्या दारात मिरच्यांशेजारी पडलोय. पडू दे. धनी श्वास घेतायत. आजार सगळ्यांना कळलाच, म्हणून आता ते कॅन्टीनच्या बाकावर, सोपानरावासमोर सुई घेतात.

मित्रांनो, घरात कुणी सुई घेत असेल तर टोचल्या जागा बघा. गांधी दिसल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा, सुई मनानं बंद करू नका. ओठ सुजले, दम लागला तर थेट दवाखाना गाठा. आणि कुणी बसल्या जागेवरून "लाव मलम" म्हणालं, तर त्याच्या तोंडावर विचारा: शर्ट वर करून बघितलंस का?