अण्णांच्या डोक्यातला टाऊ

मी टाऊ बोलतोय. नाव ऐकलं नसेल, लाजू नका. ज्यांच्या डोक्यात मी राबलो त्या अण्णांनाही ते ठाऊक नाही. मी एक प्रथिन. मुक्काम देवास, निवृत्त मास्तर मोरोपंत ऊर्फ अण्णांचा मेंदू.

मेंदूच्या पेशीला लांबलचक शेपूट असतं. त्यात बारीक नळ्या असतात आणि त्यांच्यावरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. या नळ्या भारी नाठाळ! घडीत जुळतात, घडीत सुटतात. त्यांना बिलगून त्या सरळ धरायच्या, हे आमचं काम. आम्ही लाखो. एक झिजला की दुसरा त्याच्या जागी. सत्तर वर्षं केलं, भिया, कुणी शाबास म्हटलं नाही.

अंगावर फॉस्फेटचा ठिपका चिकटला की आमची पकड सैल होते. थोडे ठिपके चालतात, नळीला जरा मोकळीक मिळते. पण आता, या २००३ साली, ठिपके लागतच गेले. मी सुटलो. सुटलेले आम्ही एकमेकांना चिकटलो, आमच्या गाठी झाल्या. मागे नळ्या विस्कटल्या, माल अडला, पेशी मरू लागल्या. मेल्या त्या नेमक्या नव्या आठवणी रुजतात तिथल्या. मला फार भीती वाटली, कारण पाच वर्षांची नात चिऊ त्या नव्यांतच होती. तिला दुपारी शाळेतून आणायचं काम अण्णांचं.

सून विद्युल्लताला शंका आली. "अण्णा एकच गोष्ट चारदा विचारतात. इंदूरला डॉक्टरांना दाखवू या. तोवर चिऊला मी आणते."

तिचा नवरा भगवंत हसला. या घरात डोकं तपासायची एकच रीत. "अण्णा, औटकी म्हणा बरं!"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, अण्णांनी सातव्या वर्षी पाठ केलेला. साडेतीन, सात, साडेदहा करत एका दमात एकशे पाचपर्यंत गेले!

"देख लो! माझ्यापेक्षा तल्लख आहेत."

अरे बाबा, पाढा जुना, तो आमच्या गल्लीत राहतच नाही! आतून किती ओरडलो. पण आमचं ऐकतो कोण? काम अण्णांकडेच राहिलं.

आज दुपारी अण्णा एकटेच घरी आले.

"चिऊ कुठंय?" विद्युल्लताने विचारलं.

"कोण?" अण्णांनी टोपी काढली. "शाळेच्या फाटकाशी एक गोड पोरगी माझा हातच सोडेना. मी समजावलं, बेटा, अनजान आदमी के साथ नहीं जाते. शहाणी आहे. रडली थोडी, मग गेली एकटीच."

घरच्यांशी अण्णा कधी हिंदी बोलत नसत.

विद्युल्लता अनवाणीच धावली. तास होऊन गेला, अजून परतली नाही. अण्णा पाटावर बसून जेवणाची वाट बघताहेत.

तुमच्या घरी असं म्हातारं माणूस असेल, तर त्याला कालचं विचारा हो, सत्तर वर्षांपूर्वीचं नको. आणि रस्त्यात निळ्या फ्रॉकमधली पोर दिसली, तर तिला घरी आणा. तिचा हात धरायला जाऊ नका, ती देणार नाही. तिच्या आजोबांनी तिला नुकतंच तसं शिकवलंय.