ढोल थांबल्यावर

बोट सुटते न सुटते तोच इस्मेने तळलेल्या माशाचं डोकं मोडलं, त्यातला डोळा बोटाने काढला आणि माझ्यासमोर धरला.

"घे भगतीणबाई. खा. कोण बघतंय?"

"आज मंगळवार आहे."

"तुझा रोजच मंगळवार असतो."

तिचं अगदीच चुकत नव्हतं. सूर्य बुडायच्या आत मारुतीपुढे दिवा लावायचा आणि तो लागेपर्यंत तोंडात मीठ घालायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. टोबॅगोत घरी असले तर अंगणातल्या लाल झेंडीखाली, बाहेर असले तर जिथे असेन तिथे. त्या दिवशीही पितळी दिवा, वात आणि तेलाची कुपी पिशवीत होती.

स्कारबरोच्या बाजारात माझी रोटीची गाडी आणि इस्मेचा मासळीचा ओटा शेजारी शेजारी. ती कोयत्याच्या एका घावात हातभर माशाचं मुंडकं उडवते आणि रक्ताचे शिंतोडे माझ्या पोळपाटापर्यंत येतात. सुरुवातीला मी दर वेळी पोळपाट धुवायची आणि ती दर वेळी हसायची. मग एकदा एका दारुड्याने माझा हात धरला, तेव्हा तिने तोच कोयता उलटा करून त्याच्या मनगटावर हाणला. त्यानंतर मी पोळपाट धुते, पण कपाळाला आठी घालत नाही.

आम्ही शेजारच्या त्रिनिदाद बेटावर निघालो होतो. ते माझं माहेर, दक्षिणेकडचं. तिच्यासाठी मात्र तिथे एक थडगंच होतं. तिचा धाकटा भाऊ अन्सिल. आई गेल्यावर इस्मेनेच त्याला वाढवलं. तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून तो त्रिनिदादला गेला आणि तिकडे काठीच्या नादाला लागला. गेल्या कार्निव्हलच्या आधी काठीच्या रिंगणातच मेला.

काठीचा खेळ मला नवा नाही. माझा आजा काठीवाला होता. रिंगणाच्या मधोमध जमिनीत एक खळगा असतो. ज्याचं डोकं फुटलं त्याने काठी टाकायची, गुडघे टेकायचे आणि त्या खळग्यावर मान झुकवून रक्त गळू द्यायचं. त्या क्षणी ढोल थांबतात. फोडणाऱ्याने पुढे होऊन त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरायचं, म्हणजे मनात काही उरलं नाही. अन्सिलने मान झुकवली होती. ढोल थांबले होते. आणि समोरच्या गॅसपारची काठी तरीही त्याच्या मानेवर उतरली. मणका तिथेच मोडला.

"पोलिसांना काय सांगितलं माहितीये त्याने?" इस्मेने काटा समुद्रात थुंकला. "म्हणे, ढोल थांबलेले ऐकू आले नाहीत. अख्ख्या गावाला ऐकू आले, यालाच तेवढे नाही. कानात काय मध ओतला होता?"

"त्याचा न्याय वर होईल, इस्मे."

"वर फार गर्दी असते गं."

तिच्या पायाशी जुन्या चादरीत गुंडाळलेली अन्सिलची काठी होती. पुई नावाच्या झाडाच्या टणक लाकडाची, वापरून वापरून काळी पडलेली. ती त्याच्या थडग्यात पुरायची होती, निदान मला तसं सांगितलं होतं. पहाटे इस्मे माझ्या अंगणात काठी घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या देवाचं थोडं तेल लाव हिला. पोरगं भटकत असेल तर शांत होईल." मी टोकापासून टोकापर्यंत दिव्याचं तेल चोळलं, शेंदूर लावला, स्तोत्र म्हटलं. आजासुद्धा रिंगणात उतरायच्या आधी नेमकं हेच करायचा. लहानपणी मीच त्याची तेलाची वाटी धरायची. पण माझ्या मनात त्या पहाटे फक्त अन्सिल होता. काठी रिंगणासाठी तयार होतेय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बंदरावरून आम्ही दक्षिणेला जाणारी गाडी धरली. दफनभूमीची भिंत आली आणि मागे गेली.

"इस्मे, उतरायचं होतं ना?"

"अन्सिल कुठे पळून जातोय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आज गॅसपार उतरणार आहे. हरला तर पुढच्या वर्षी कोण जाणे उतरेल का. आधी ते."

"काय करणार आहेस तू?"

"डोकं फोडणार. मग तो खळग्यावर वाकेल. ढोल थांबतील." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे मासळी निवडतानासारखे शांत होते. "तो अन्सिलसाठी थांबला नाही. मी त्याच्यासाठी थांबणार नाही."

"फासावर जाशील."

"का बरं? मीपण सांगेन, ढोल ऐकू आले नाहीत. त्याचं चाललं, माझंही चालेल."

"आणि मला कशाला आणलंस?"

"काठीला तेल कोण लावणार होतं?" असं म्हणून ती हसली, आणि मला त्या क्षणी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी देवाचं नाव घेतलं आणि हात मांडीखाली दाबून धरले.

रिंगण रमच्या दुकानामागे होतं. वर पत्रे, भोवती बांबूचं कुंपण, खाली तुडवून घट्ट केलेली माती. आम्ही पोचलो तेव्हा दोन जोड्या होऊन गेल्या होत्या आणि खळगा ओला होता. तिसरी जोडी आमच्यासमोर झाली. एकाच्या ओठातून त्याचेच दात बाहेर आले. तरी तो नाचत राहिला, दात थुंकून पुन्हा काठी वर केली, तेवढ्यात दुसऱ्याने त्याची भुवई उसवली. ती डोळ्यावर लोंबायला लागली. ढोल थांबले. तो खळग्यावर वाकला. एका म्हातारीने त्याच्या जखमेत रम ओतली, बोटांनी कवटी चाचपली आणि ओरडली, "हाड शाबूत आहे! याच्या बायकोचं नशीब फुटकं!" सगळे खदखदून हसले. तो रक्ताच्या तोंडाने हसला.

म्हातारीचं नाव ऑगस्टीन. गाणं तीच धरायची. तिचा हात वर असेपर्यंत ढोल वाजायचे, हात खाली आला की थांबायचे.

मग गॅसपार आला. सगळे त्याला विंचू म्हणत होते, म्हणून मी कुणीतरी राक्षस मनात धरून बसले होते. आला तो एक वाळका माणूस, डोक्याला मुंडासं, छातीवरचे केस पांढरे, नारळ सोलून सोलून वेडीवाकडी झालेली बोटं. त्याने रिंगणाची माती कपाळाला लावली आणि भोवती बघितलं. कुणी उतरेना.

इस्मेची काठी कुंपणावरून उडत जाऊन त्याच्या पायापाशी पडली. हेच आव्हान.

"मावशी, इथे मासळी विकत नाहीत!" कुणीतरी ओरडलं. आमच्या अंगाला बाजाराचा वास येत असावा.

"विंचवाची आमटी करायला आलेय," इस्मेने घागरा खोचला. "वाटी घेऊन ये."

लोक उड्या मारायला लागले. गॅसपारने काठी उचलून तिच्याकडे धरली. त्या काळ्या लाकडावरची नजर तो हलवेना. त्याने काठी ओळखली होती.

"अन्सिलची बहीण ना तू? घे ही. घरी जा, बाई."

"माझ्या भावाला म्हणाला होतास, घरी जा?"

"मी बाईवर काठी उचलत नाही."

"नको उचलू. नुसता उभा राहा. मला तेवढंच हवंय."

मी तिचा दंड धरला. "चल, इस्मे. मी पाया पडते." तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, मऊपणाने, जशी आई सोडवते. ऑगस्टीनचा हात वर गेला.

सुरुवातीला तो नुसता अडवत होता. इस्मेचे घाव सरळ वरून यायचे, कोयत्यासारखे, आणि तो काठी आडवी धरून झेलायचा. मग तिने त्याच्या पोटात ढुशी मारली, तो वाकला तसा गुडघ्यावर वार केला, आणि त्याच्या आतलं काहीतरी जागं झालं. त्याची काठी दिसेनाशी झाली. तिच्या बोटांवर बसली, करंगळीचं हाड मला कुंपणापाशी ऐकू आलं. बरगडीवर बसली. कोपरावर बसली. इस्मे ओरडत नव्हती. नाकातून बैलासारखा श्वास सोडत होती. लोक गाण्यात तिचं नाव घालायला लागले. माझ्या शेजारची बाई आनंदाने माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. मी स्तोत्र म्हणत होते आणि कधी नव्हे ते ओळी विसरत होते.

मग इस्मेने एक वार मुद्दाम घेतला. खांदा पुढे केला, काठी तिथे बसली, खांद्याचं हाड कडकन खाली आलं, पण तो आता तिच्या हाताच्या अंतरावर होता. उरलेल्या हाताने तिने त्याच्या कानाच्या वर हाणलं. नारळ फुटतो तसा आवाज झाला. त्याच्या मुंडाशाखालून रक्त आधी धाग्यासारखं आलं, मग गळ्यावरून छातीवर पसरलं.

ऑगस्टीनचा हात खाली आला. ढोल थांबले.

गॅसपारने काठी टाकली. चाचपडत खळग्यापर्यंत आला, गुडघे टेकले, मान झुकवली. इस्मे त्याच्यामागे चालत आली. सगळे सैलावले. कुणी बाटली उघडली, कुणी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ती रीतीप्रमाणे त्याचं डोकं धरायला येतेय. तिच्या हातातली काठी अजून का पडली नाही, हे त्या जमावात मला एकटीला माहीत होतं.

मी बांबूखालून आत वाकले. आणि सवयीने चपला काढल्या. देवळात काढतो तशा. तेवढ्या वेळात तिची काठी वर गेली.

मी धावले आणि त्याच्या मानेवर पडले, हात आडवा टाकून. दिवा लावते तोच हात. काठी त्यावर उतरली. दुखलं नाही, आधी नुसता आवाज झाला, ओलं लाकूड चुलीत तडकतं तसा. मनगटाच्या वर पांढरं टोक बाहेर आलं होतं आणि माझं रक्त त्याच्या रक्तात, त्याच खळग्यात पडत होतं. मी वर बघितलं. "इस्मे, मी आहे! धनमती!" तिची काठी पुन्हा वर गेली होती. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला मी दिसत नव्हते. दुसरा घाव माझ्या कानाला घासून खांद्यावर बसला. तोंडात माती आली, खारट. दिवा लागायच्या आधी मीठ, असं त्या स्थितीतही मनात आलं.

तिसऱ्या घावाआधी ऑगस्टीनने मागून काठी पकडली आणि सगळं वजन टाकून लोंबकळली. ढोलवाले धावले. चौघांना ती आवरेना.

माझ्याखाली गॅसपार अजून मान झुकवूनच होता. डोळ्यांत रक्त, काही दिसत नव्हतं. "कोण आहे?" तो विचारत होता. "माझ्या अंगावर कोण आहे?"

तिघांना एकाच गाडीच्या मागच्या फळीवर घालून इस्पितळात आणलं. हाड बसवताना मी किंचाळले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललेसुद्धा नव्हते. पोलीस विचारायला आला तेव्हा मी म्हटलं, रिंगणात मधे पडले, माझीच चूक. त्याने माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि खरं मानलं.

इस्मेला माझ्या खाटेशी आणलं. हात गळ्यात बांधलेला, करंगळी सुजून केळ्यासारखी. ती माझ्या प्लास्टरकडे बघत उभी राहिली. बाहेर ऊन तिरपं झालं होतं. माझी पिशवी उशाशी होती.

"तू मधे कधी आलीस?" तिने विचारलं.

"काठी खाली यायच्या आधी."

"मला दिसली नाहीस."

"हाक मारली मी. दोन घाव घातलेस, इस्मे. ढोल थांबून केवढा वेळ झाला होता."

"ढोल..." ती म्हणाली. "धनू, आईशप्पथ, मला वाजतच होते. मला शेवटपर्यंत वाजत होते. मला ऐकूच आलं नाही कधी..."

ती बोलता बोलता थांबली. ओठ तसेच उघडे राहिले. तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं होतं.

मग ती दाराकडे वळली. दाराबाहेर बाकावर गॅसपार बसला होता, डोक्याला टाके, मांडीवर रक्ताने कडक झालेलं मुंडासं. तिला येताना बघून तो उठला आणि भिंतीला टेकला. अंगावर आलीच तर हात वर करायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"त्या बाईचा हात कसा आहे?" त्याने विचारलं.

इस्मे त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. एक वर्ष तो हे ज्याला त्याला सांगत आला असेल.

"आता विचारतेस?" तो म्हणाला.

ती बाकावर बसली. मग तोही बसला, मधे एका माणसाची जागा सोडून. मला दारातून दोघांच्या पाठी दिसत होत्या. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं आणि विझलं. मी डाव्या हाताने पिशवीतून दिवा काढला, वात घातली, पण काडी एका हाताने पेटेना. इस्मेला हाक मारावी असं मनात आलं.

मारली नाही. ती त्या वेळी त्याच्या मुंडाशाची सुकलेली गाठ एका हाताने सोडवत होती. त्या दिवशी माझा दिवा लागला नाही.