मधपेटीवरचं काळं फडकं

लोरीनने घराच्या किल्लीने पहिल्या मधपेटीवर टकटक केलं आणि ती वाकली. आत माश्यांची घूं-घूं चालू होती. तिने फळीजवळ तोंड नेलं. आज कोल्बीचं लग्न आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. पहाटेपासून ते वाक्य तोंडात घोळत होतं, पण आता बाहेर पडेना.

"कोल्बी गेला," ती म्हणाली.

आपण हे काय बोललो, ते तिचं तिलाच क्षणभर कळलं नाही. पायाशी पत्र्याचा डबा उघडा होता. वर पांढरी फीत होती, खाली नवरा वारला तेव्हाची काळी फडकी. हात फितीच्या खाली गेला. तिने पहिल्या पेटीला काळं फडकं बांधलं, मग दुसरीला, मग कुंपणाजवळच्या शेवटच्या पेटीला. प्रत्येक पेटीवर किल्ली वाजवून तेच वाक्य सांगितलं. एकदा तोंडातून निघालेलं दुसऱ्यांदा सोपं जातं, मेलं.

शेवटची गाठ मारून ती उभी राहिली, तेव्हा आवाज बंद झाला होता. सगळ्या पेट्यांमधला. माश्या उडत होत्या, आत शिरत होत्या, बाहेर पडत होत्या, पण आवाज नव्हता. ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय तेच दारात उभे राहिले की घरातले गप्प होतात, तसं काहीसं झालं होतं.

आमच्या या डोंगरांत माश्यांना सगळं सांगावं लागतं. घरात कुणी गेलं तर काळं फडकं बांधायचं. लग्न झालं तर पांढरी फीत बांधायची आणि लग्नाच्या केकचा तुकडा पेटीपुढे ठेवायचा. नाही सांगितलं तर माश्या रुसतात आणि घर सोडून जातात. शहरातली माणसं हसतात याला. हसू देत, त्यांच्याकडे मध दुकानातून येतो. लोरीनचे आजोबा गेले तेव्हा गडबडीत सांगायचं राहिलं, आणि कबरीवरची फुलं वाळायच्या आत सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. माश्यांना खोटं सांगितलं तर काय होतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. तसं कधी कुणी केलंच नव्हतं.

कोल्बी तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. लोरीनला मूल नव्हतं. तिने त्याला वाढवलं ते बेकरीच्या ओट्यावर बसवून, पिठात माखवून. माश्यांचं वेड त्याला पहिल्यापासून. उघड्या हाताने पेटीत हात घालायचा आणि एक माशी त्याला डसायची नाही. लोरीनला स्वतःला जाळीचा टोप आणि धूर लागायचा. हा पोरगा मात्र बाही वर करून चौकटी उचलायचा आणि आत काय चाललंय ते तिला सांगत बसायचा.

महिन्यामागे तो बेकरीत आला होता, शाळेत शिकवणाऱ्या त्या रुबेनला घेऊन. दोघं काउंटरच्या पलीकडे उभे राहिले, गिऱ्हाइकांच्या बाजूला. मागच्या दाराने आला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने लग्नाचा केक मागितला. मधाचा, वर अक्रोड लावलेला, ती सगळ्या गावाला करून देते तसा.

लोरीनने हात एप्रनला पुसले. ते स्वच्छच होते. मग ती म्हणाली की तुला पाव देईन, बिस्किटं देईन, वाढदिवसाचा केक तर पैसे न घेता करीन.

"पण लग्नाचा केक मी प्रार्थना करून करते, कोल्बी. माझ्या देवापुढे जे लग्न नाही, त्याला माझे हात लग्न म्हणणार नाहीत. मला खोटं वागता येत नाही."

"आशीर्वाद मागायला नाही आलो, मावशी. गिऱ्हाईक म्हणून आलोय. दुकान सगळ्यांसाठी उघडं आहे ना तुझं?"

त्याने तिच्या हातांकडे बघितलं, बराच वेळ. मग रुबेनने त्याच्या कोपराला हात लावला आणि दोघं निघून गेले. दारावरची घंटी वाजली. दुकानात आलेल्या ओपल म्हातारीने सगळं ऐकलं होतं, म्हणजे गावानेच ऐकलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आमच्या गावात मागच्या वर्षी नियम झालाय, दुकानदाराने अशा कारणावरून कुणाला परत पाठवायचं नाही. रुबेन म्हणे तक्रार करायला निघाला होता. कोल्बीने त्याला अडवलं, मावशीला कोर्टात उभं करणार नाही म्हणाला. इकडे राजधानीतल्या एका वकिलाचा लोरीनला फोन आला. धर्माचं स्वातंत्र्य आहे तुम्हाला, आम्ही फुकट लढू, पार वरच्या कोर्टापर्यंत जाऊ. लोरीनने ऐकून घेतलं, पीठ फुगलंय म्हणाली आणि फोन ठेवला. चर्चमध्ये बायका येऊन तिचा हात दाबत होत्या, तू अगदी बरोबर केलंस म्हणत होत्या. तिला ते बरोबरच वाटत होतं. फक्त घरी येऊन जेवायला बसलं की घास गिळवत नव्हता.

आणि आज त्याचं लग्न होतं, नदीपलीकडच्या गावात. ती गेली नाही. माश्यांना तरी सांगावं म्हणून परसात गेली, आणि हे असं होऊन बसलं.

ती घरात येऊन खुर्चीत बसली. काढून टाकू फडकी, तिने ठरवलं. चहा घेते आणि काढून टाकते. चहा होईपर्यंत दारावर थाप पडली.

ओपल उभी होती, हातात झाकलेलं भांडं. तिच्यामागे खालच्या वळणावरच्या दोघी, एकीकडे भाजलेलं हॅम, दुसरीकडे बटाट्याचं सॅलड. आमच्याकडे रस्त्यावरून पेट्या दिसतात. काळं फडकं दिसलं की कुणी विचारत बसत नाही. दुःखाच्या घरात चूल पेटू द्यायची नाही म्हणून जे घरात असेल ते शिजवून आणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं, नंतर परत करायला सोपं जावं म्हणून.

"बोलू नकोस काही," ओपल म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. "आम्ही आहोत."

लोरीनने तोंड उघडलं. तेवढ्यात आणखी एक गाडी थांबली. मग आणखी एक. बघता बघता टेबल भांड्यांनी भरलं, बैठकीत माणसं दाटीवाटीने बसली, पास्टर येऊन कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसले. कोण गेलं हे एकानेही विचारलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याला माहीत असेल. आणि विचारायचं तरी काय? लोरीनचं या जगात होतं कोण?

सुरुवात ओपलनेच केली. "लहानपणी कसा पेटीत हात घालायचा, नाही? आपल्याला बघवायचं नाही."

"गोड होता गं," खालच्या वळणावरची म्हणाली. "माझ्या आईचं सामान घरापर्यंत आणून द्यायचा."

लोरीनच्या कानांत तेवढेच शब्द राहिले. होता. आणून द्यायचा. सगळी खोली मान डोलवत होती. कुणी तो गाणं कसं म्हणायचा ते सांगितलं, कुणी बर्फात अडकलेली गाडी त्याने कशी ढकलली ते. एकजण तर रडायला लागली. ही तीच माणसं, ज्यांनी महिनाभर तिचा हात दाबला होता. खोटं रडत नव्हती कुणी. अगदी मनापासून रडत होती, आणि तेच लोरीनला बघवेना. अहो, जिवंत आहे तो, एवढंच तर म्हणायचं होतं. मग लोक विचारणार, फडकं कुणासाठी?

ओपलने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"असं होणार ठाऊक असतं तर केक दिला असतास गं तू. कुणीसुद्धा दिला असता."

लोरीन उठली. पाणी आणते म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर दुपार कलली होती, ऑक्टोबरचं पिवळं ऊन परसात आडवं पसरलं होतं. मागचं दार हळूच उघडलं. घरची माणसं मागच्या दारानेच येतात.

दारात कोल्बी उभा होता. अंगात करडा सूट, कोटाला एक पांढरं फूल. हातात एक भांडं. त्या निळ्या काठाच्या भांड्याला ती लांबूनही ओळखत होती. घर सोडताना त्याने नेलेलं होतं, बुडाला तिच्याच अक्षरात तिचं नाव.

"समोर गाड्या बघितल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "पेट्यांवरची फडकीही. मला माहीत असतं तर आज आलो नसतो. माश्यांसाठी केक आणला होता फक्त, ठेवून परत जाणार होतो." त्याने आत एक पाऊल टाकलं. "कोण गेलं, मावशी?"

ती बघतच राहिली. त्याचा चेहरा खरोखर काळजीने उतरला होता. तिच्यासाठी.

तेवढ्यात ओपल रिकामे कप घेऊन आत आली. तिने कप धुवायला ठेवले, वळली आणि दाराकडे पाहिलं, थेट कोल्बी उभा होता तिथे.

"दार उघडं टाकलंस गं," ती म्हणाली. "गार वारा येतोय." आणि पदराला हात पुसावेत तसे शालीला हात पुसत परत बैठकीत गेली.

ओपलच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे खरं. डॉक्टरनेही तसं सांगितलेलं. पण महिनाभरापूर्वी याच डोळ्यांनी तिने काउंटरपलीकडून सगळं टिपलं होतं.

"माझ्याशी बोलायचंही नाही तर," कोल्बी म्हणाला. रागावला नव्हता, थकला होता. "असू दे. पेटीपुढे ठेवतो आणि जातो. रुबेन गाडीत बसलाय."

तो परसात उतरला. लोरीन त्याच्या मागोमाग गेली, टोप न घालता, तशीच. पहिल्या पेटीपुढे तो गुडघ्यावर बसला. केकचा तुकडा फळीवर ठेवला. दुकानातून आणलेला केक, वर साखरेची गुलाबी फुलं. मग सवयीने बाही वर करून त्याने हात पेटीच्या तोंडाशी धरला.

एकही माशी हातावर बसली नाही. पूर्वी मनगटावर चढायच्या, बोटांमधून फिरायच्या. आता त्या येत होत्या आणि जराही वळण न घेता हाताला चाटून पुढे जात होत्या. रस्त्यातला दगडही त्यांना दिसतो. इथे तर दगडही नसल्यासारखं चाललं होतं. केककडे एकीनेही तोंड वळवलं नाही. आवाज अजूनही नव्हता.

कोल्बीने पेटीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. त्याने काळं फडकं बोटांत धरलं, घराकडे बघितलं, आत बसलेल्या माणसांच्या पाठींकडे, आणि मग तिच्याकडे.

"मावशी, यांना काय सांगितलंस तू?"

तिला वाटलं होतं की हा ओरडेल. तो ओरडला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. तो नुसता उभा होता, आणि उतरत्या उन्हात परसात तिचीच तेवढी सावली पडल्यासारखी दिसत होती. कोल्बी सफरचंदाच्या झाडाखाली उभा होता, त्याची झाडाच्या सावलीत मिसळली असेल. असेलच. तरी ती घाईने पेटीकडे वळली. तिने फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, नखं दुखली. पहिलं फडकं सुटलं, आवाज आला नाही. गेलेला माणूस परत आला तर माश्यांना काय सांगायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला एकच वाक्य माहीत होतं, सकाळी सांगायचं राहिलेलं.

तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. तीनदा वाजवली. वाकली.

"कोल्बीचं लग्न झालं," ती लाकडाला म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिने परत म्हटलं. "आज. रुबेनशी."

काहीच झालं नाही. ती तशीच वाकलेली राहिली. कमरेत कळ आली तरी उठली नाही. मग पेटीच्या तोंडातून एक माशी बाहेर आली, फळीवरून चालत केकपर्यंत गेली, तिथून उडाली आणि कोल्बीच्या डाव्या हातावर बसली.

"आई गं," तो म्हणाला.

त्याने हात समोर धरला आणि बघत राहिला. बोटाच्या मुळाशी, नव्या अंगठीला लागून, काटा रुतला होता. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो हसत होता की काय, ते नीट कळेना. पेटीत आधी बारीक, मग भरून, घूं-घूं सुरू झाली.

"काटा चिमटीत धरू नकोस, विष आत जातं," लोरीन म्हणाली आणि तिने त्याचा हात ओढून घेतला. नखाने काटा आडवा खरवडून काढला. त्वचा गरम होती. चांगली गरम. "अंगठी काढ. बोट सुजेल."

"राहू दे," कोल्बी म्हणाला.

"अडकेल ना रे."

"अडकू दे, मावशी."

आत बैठकीत पास्टरांनी मृतासाठीचं गाणं सुरू केलं आणि एकेक जण त्यात आवाज मिसळू लागला. रस्त्यावर रुबेन गाडीतून उतरून कुंपणापाशी आला होता, आत यावं की नाही हे न कळून. लोरीनने त्याच्याकडे बघितलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

"मग हात वर धर," ती कोल्बीला म्हणाली. "सूज उतरते त्याने." तो हात तिने स्वतःच मनगटाला धरून वर उचलला आणि बैठकीच्या खिडकीतून दिसेल असा उंच धरून ठेवला. दोन पेट्यांवरची फडकी अजून सोडायची होती.