चुंबळीतली घडी

हॉटेलच्या काउंटरवर मी सतरा वर्षं उभा आहे आणि सतरा वर्षं एकच प्रश्न ऐकतोय, ‘शो किती वाजता सुरू होतो?’ ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याला हे पाहुणे शो म्हणतात. मी नकाशा उलगडतो, पेनाने रेघ मारतो, कुठल्या गल्लीतून कुठली मिरवणूक जाईल ते सांगतो. मिरवणुकीनंतर तळलेले मासे कुठे खावेत, रात्रीचा नाच कुठे खरा आणि कुठे नुसता पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला, तेही सांगतो. हसून सांगतो आणि मनात दोन शिव्या घालतो. ताई म्हणायची, ‘फेर्मीन, तुझ्या तोंडात साखर आणि पोटात व्हिनेगर.’

त्या आठवड्यातल्या मंगळवारी मात्र मी रजा घेतो. त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या वस्तीची माउली चर्चमधून बाहेर पडते आणि मी तिच्या खाली असतो.

खाली म्हणजे अगदी शब्दशः खाली. मेणबत्त्या, चांदीचे खांब, भरजरी छत आणि मधोमध रडणाऱ्या माउलीची मूर्ती, हे सगळं ज्या लाकडी चौथऱ्यावर उभं असतं त्याला आम्ही पासो म्हणतो. आत आडव्या सात तुळया, प्रत्येक तुळईखाली पाच माणसं, आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत मखमलीची झालर. बाहेरच्यांना आमचे फक्त बूट दिसतात. आम्हाला बाहेरचं काही दिसत नाही. मुकादम पुढून आवाज देतो आणि आम्ही त्या आवाजावर चालतो. भार घ्यायचा तो हातांवर नाही, खांद्यावर नाही, तर मानेच्या मागच्या हाडावर.

म्हणून चुंबळ. जाड कापडाची गुंडाळी डोक्यावरून मानेवर बसवायची आणि तिच्यात एकही घडी राहता कामा नये, नाहीतर सगळा भार तिथेच मानेत रुततो. ती एकट्याला बांधता येत नाही. कमरेचा शेलाही एकट्याला गुंडाळता येत नाही. पाच हात लांब शेल्याचं एक टोक दुसऱ्याने ताणून धरायचं आणि आपण गिरक्या घेत त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं. प्रत्येक माणसाचा जोडीदार ठरलेला असतो. त्याची चुंबळ मी बांधायची, माझी त्याने. म्हणजे माझी मान त्याच्या हातात आणि त्याची माझ्या.

माझा जोडीदार होता आउरेलियो, माझ्या ताईचा नवरा. मी त्याला दाजी म्हणायचो. लहानपणी फुटबॉल खेळताना त्याचं नाक मोडलं होतं, तेव्हापासून श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. शेला ओढताना शेवटी दोन झटके द्यायचा, बरोबर कमरेच्या खळग्यात, आणि म्हणायचा, “मेहुण्या, ढेरी आत घे, माउलीला लाज वाटते.”

गेल्या वर्षी मी त्याची चुंबळ बांधत होतो. चर्चच्या मागच्या अंगणात हॉटेलातले चार पाहुणे घुसले आणि त्यांनी मला ओळखलं. “फेर्मीन! फेर्मीन!” काउंटरवरचा माणूस इथे असा पांढऱ्या कपड्यांत! मला काय तो मोठेपणा वाटला. दाजीची बांधलेली चुंबळ मी उतरवली, उलगडली, त्यांना हातात घेऊन दाखवली, अशी गुंडाळतात, अशी बसवतात. ते आ वासून बघत होते. तेवढ्यात मुकादमाची हाक आली आणि मी ती घाईघाईने परत गुंडाळली. बोटाला आत एक घडी लागली. दाजीनेही मान हलवून पाहिली.

“काय रे, नीट बसली ना?” तो म्हणाला.

“एकदम,” मी म्हणालो.

सहा तास तो ती घडी मानेवर घेऊन चालला. रात्री शुद्ध हरपली. इस्पितळातून ताई नवऱ्याचे कागद शोधायला घरी गेली होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, “यांच्या मानेला काही इजा झाली होती का?” मी म्हणालो, “नाही. उन्हाने झालं असेल.” लाज वाटली म्हणून म्हणालो, दुसरं काही कारण नव्हतं. दोन दिवस त्यांनी उन्हाचाच उपचार केला. तिसऱ्या दिवशी दाजी गेला. मग कळलं की मानेतली रक्तवाहिनी फाटली होती.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ताईने मला वाढवलं. ती आता म्हणते, “माउलीच्या खाली असतानाच बोलावणं आलं, नशीबवान माणूस.” दर रविवारी मला जेवायला बोलावते, पालकातले चणे वाढते, आणि मी वर्षभर तिच्यासमोर बसून ते गिळतोय. तिला कळलं तर ते दार मला बंद. जगात दुसरं दार मला नाही.

यंदा दाजीच्या जागी क्रिस्पुलो आला. बेकरीत काम करतो, मनाने चांगला आहे. म्हणाला, “फेर्मीन काका, या, तुमचा शेला मी धरतो.”

“माझं मी बघीन.”

“अहो, एकट्याने कसं जमेल?”

“म्हटलं ना, माझं मी बघीन! तू स्वतःचं बघ.”

अंगणाच्या बाजूला एक बोळ आहे. तिथे एका बंद घराच्या खिडकीला लोखंडी गज आहेत. जोडीदार नसला की शेल्याचं टोक गजाला बांधून गिरक्या घेता येतात, जुने लोक तसं करायचे. मी गाठ मारली, मागे सरकून शेला ताणला आणि फिरायला लागलो. एक गिरकी. दोन. तिसऱ्या गिरकीला शेला किंचित सैल पडला, मला पोट आत घ्यायला सवड मिळाली, आणि मग परत ताणला गेला. गज असं करत नाही. गज नुसता धरून ठेवतो. मी खिडकीच्या अगदी जवळ पोचलो तेव्हा कमरेच्या खळग्यात दोन झटके बसले.

मी मान वळवून बघितलं. गाठ गजावरच होती. खिडकीच्या आत फळ्या ठोकलेल्या, त्यांवर वर्षांची धूळ, आणि तिला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. दुपारचं लख्ख ऊन होतं, पलीकडे पाहुण्यांचा गलका चालला होता, कुठेतरी पोरगं फुग्यासाठी रडत होतं.

चुंबळ मी गुडघ्यावर गुंडाळली, डोकं खाली घालून चढवली आणि मागची बाजू बसवायला हात वर नेले. ती आधीच बसवली जात होती. दोन्ही बाजूंनी सारखी ओढून, कानांवर दाबून. मी डोळे मिटून घेतले. नीट बसली. मग बरोबर मानेच्या हाडावर एक घडी लागली.

काढून परत बांधायला हवी होती. मुकादम एव्हारिस्तोने हाक मारली, “चला रे पोरांनो, माउली थांबलीय!” आणि मी तसाच गेलो. खरं सांगायचं तर मला वाटलं, ठीक आहे. त्याला तेच हवं असेल तर ठीक आहे. मी मनाची तयारी केली होती.

झालरीखाली शिरलो. मेणाचा, घामाचा, जुन्या लाकडाचा वास होता. चौथी तुळई, उजवीकडून दुसरी जागा. मान लावली, गुडघे वाकवले. एव्हारिस्तोने पुढची कडी तीनदा ठोकली. आम्ही सगळे एकदम उसळलो, पासो हवेत उडाला आणि खाली आला.

माझ्यावर आलाच नाही.

आजूबाजूच्या चौघांच्या तोंडून जो हुंकार निघतो तो निघाला. क्रिस्पुलोच्या मानेच्या शिरा फुगल्या. माझी तुळई माझ्या मानेच्या वर एक बोटभर अधांतरी होती. मी टाचा उचलल्या. तीही तेवढीच वर गेली. आमच्यात याहून मोठी बेअब्रू नाही. तुळईखाली असून जो भार घेत नाही त्याच्याशी आम्ही वर्षभर बोलत नाही. उंची कमी पडली तर फटीत लाकडी पाचर ठोकतात, पण माझी उंची चौघांच्या बरोबरीची होती, महिनाभरापूर्वीच मोजली होती.

आणि तरीही तुळई कुणाच्यातरी मानेवर होती, कारण ती झुकत नव्हती.

आम्ही चालायला लागलो. बाहेर बँड, टाळ्या, फोन वर धरलेल्या हातांच्या सावल्या. आत मला ती शीळ ऐकू आली. बारीक, श्वासागणिक. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. मी जिथे उभा होतो तिथूनच येत होती. मी श्वास रोखला. शीळ चालू राहिली.

“काका,” क्रिस्पुलो धापा टाकत म्हणाला, “तुम्हाला घाम कसा नाही आला?”

“गप चाल.”

दोन तास असंच. पस्तीस माणसांच्या अंगातून पाणी गळत होतं आणि माझं कपाळ कोरडं होतं. तो भार घेत होता, माझ्या जागी, मोडक्या मानेने. मला मारायला आला असता तर सोसलं असतं. पण हे सोसवेना. लहान मूल दप्तर ओढतं तसा मी दोन्ही हातांनी तुळई खाली ओढायला लागलो. तसूभर हलली नाही.

साडेसहाच्या सुमाराला आम्ही मठाच्या बोळात वळलो. तिथे संन्यासिनी राहतात, त्या बाहेर येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बँड थांबतो, मुकादम बोलत नाही, नुसती बोटं वाजवतो. पाहुणेही तिथे आपोआप गप्प होतात. इथला प्रत्येक माणूस जन्मापासून हे जाणतो. पण तुळईखाली दोन तास काढले की माणसाला ते स्वतःच्या घराचं तळघर वाटायला लागतं. भोवती नुसतं कापड आहे हे मी विसरलो.

“दाजी,” मी म्हणालो, “घडी मीच ठेवली होती. माझ्या बोटाला लागली होती. मला माहीत होतं.”

क्रिस्पुलोने मान न हलवता माझ्याकडे डोळे फिरवले. मी हात वर करून चाचपलं. बोट अजून फटीत जात होतं.

“मला पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं.”

बोट अजूनही जात होतं. शीळ चालू होती, दमलेली, ओली. त्याला ते नको होतं. त्याला काय हवंय ते मला दुपारपासून माहीत होतं, पण ते सोडून बाकी सगळं सांगायची माझी तयारी होती. असा मी माणूस आहे.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,” मी म्हणालो, आणि आवाज माझा मलाच मोठा वाटला. “मानेला काही लागलं होतं का, असं विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तू समोर पडला होतास, आणि मी नाही म्हणालो. दोन दिवस होते माझ्या हातात. दोन्ही दिवस मी गप्प बसलो, दाजी.”

शीळ थांबली.

तुळई आली. माझे गुडघे वाकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, घडी हाडात रुतली आणि मी मोठ्याने ओरडलो. पहिल्यांदाच कपाळावरून घामाची धार नाकावर आली. माझी जागा माझी झाली होती. मी रडत होतो आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं.

चाळीस पावलांनी कडी वाजली. पासो त्याच्या लाकडी पायांवर टेकला. एरवी थांब्यावर आत इतकी थट्टा चालते की मुकादमाला ओरडावं लागतं. आता पस्तीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. बाहेर कुणीतरी पाहुणी हलक्या आवाजात सोबत्याला काहीतरी विचारत होती, तिच्या भाषेत. तिला वाटलं असेल, हाही शोचाच भाग.

थांब्यावर घरच्या बायका झालर उचलून पाणी देतात. माझ्या बाजूची झालर वर झाली. आधी उजेड आला, मग काळे बूट, मग बाटली धरलेला हात. ताईचा हात मी कुठेही ओळखीन. याच हाताने मला नववीपर्यंत केस विंचरून शाळेत पाठवलं होतं. चर्चपासून ती झालरीला लागूनच चालत होती, दरवर्षी चालते तशी.

बाटली कडेच्या माणसाने घेतली. तो प्यायला. त्याने ती माझ्याकडे केली.

“त्याला नको,” ताई बाहेरून म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. जेवून उठलेल्या पोराला वाढू नका म्हणावं, तितक्याच साधेपणाने ती बोलली. बाटली माझ्यासमोरून क्रिस्पुलोकडे गेली. तो बिचारा घुटमळला, माझ्याकडे बघितलं, मग प्यायला आणि पुढे दिली. तुळईखालचे बाकी सगळे पाणी प्यायले. रिकामी बाटली परत गेली, झालर खाली पडली.

“ताई,” मी म्हणालो.

बाहेर ते काळे बूट तिथेच उभे होते, कापडाच्या पलीकडे वीतभर अंतरावर. मी परत हाक मारली. मग ते वळले आणि गर्दीतल्या इतर बुटांत मिसळले.

एव्हारिस्तोने पुढून विचारलं, “चौथी तुळई, तयार?”

चौघांनी हो म्हटलं आणि माझ्यासाठी थांबले.

“तयार,” मी म्हणालो.