कोंबडा आरवला तर?

"लोक डोंगरात लपले होते, तेव्हा त्यांचा कोंबडा आरवला तर?"

जयश्रीबाईंनी चिठ्ठी वाचली आणि शाळेचा अख्खा व्हरांडा हसायला लागला. चौथीतल्या प्रगतीनं मान खाली घातली. चिठ्ठी तिची होती.

तलासरी तालुक्यातल्या उधवा गावाच्या एका पाड्यावरची ही शाळा. साल २०१८. पाऊस संपला होता आणि गवत कापणीला आलं होतं. जयश्रीबाईंनी शाळेत एक खेळ लावला होता. मुलांनी जुन्या काळाबद्दल मनात येईल ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, आणि शनिवारी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी व्हरांड्यात बसून उत्तरं द्यायची. बाईंना वाटलं होतं, मुलं लढाया विचारतील. मुलांनी विचारलं, सावकाराच्या घोड्याची लीद कोण काढायचं? वेठीला नेलेल्या माणसाला दुपारी जेवायला कोण द्यायचं? पोलीस मागे लागले असताना परसाकडला कुठं जायचे? एकेका प्रश्नाला म्हातारे भांडत होते, मुलं खिदळत होती. उत्तर सगळ्यांना पटलं की बाई ते मोठ्या कागदावर लिहीत आणि खाली सांगणाऱ्याचं नाव घालत. तो कागद मंगळवारी तलासरीला शाळांच्या प्रदर्शनात लागणार होता.

शुक्रा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो काही सांगायला आला नव्हता. घरी बसवत नव्हतं म्हणून आला होता. त्याची बायको रखमी होळीनंतर गेली. तेव्हापासून तो जिथं माणसं जमतील तिथं जाऊन बसायचा आणि गप्प राहायचा.

पण हा प्रश्न ऐकला आणि तो उभाच राहिला.

"बाई, मला ठावं हाय! मी सांगतो!"

सगळे वळून बघायला लागले. शुक्राचा आवाज बऱ्याच महिन्यांत कोणी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"गवताचा संप झाला ना, स्वातंत्र्याच्या आधी, सावकाराचं गवत कापायचं बंद केलं होतं," तो भराभर बोलायला लागला, "तेव्हा पोलीस पाड्यावर आले की माणसं डोंगरात पळायची. कोंबड्या मागं ठेवल्या तर पोलीस आन् सावकाराची माणसं भाजून खायची. म्हणून कोंबड्या पण बरोबर न्यायचे. आन् कोंबडा आरवायला नको म्हणून त्याला झाकून ठेवायचे. कोंबडा मान वर ताणल्याशिवाय आरवत नाय. त्याला मान वर करूच द्यायची नाय! माझी सासू होती त्या माणसांत. तिनं रखमीला सांगितलं, रखमीनं मला."

मुलं टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी पेन उचललं. "नाव काय लिहू?"

"रखमी लिहा. रखमी शुक्रा वरठा."

"थांबा बाई!" पुढच्या रांगेतून हाल्या बोलला. हाल्या म्हणजे रखमीचा धाकटा भाऊ, शुक्राचा मेव्हणा. "त्याच आयेच्या पोटचा मी. मला आयेनं हे कवा सांगितलं नाय. माझी बहीण चिंबोऱ्या धरायला जायची आन् येताना मगर बघून यायची. ससा दिसला तर वाघ सांगायची. तुम्ही सरकारी कागदावर लिहाल आन् तलासरीत हसतील आपल्याला."

लोक हसले. रखमीच्या मगरीची गोष्ट पाड्यावर सगळ्यांना माहीत होती.

"मगर खोटी असंल," शुक्रा म्हणाला. "ही गोष्ट खोटी नाय."

"मग लावतोस पैज, दाजी? माझा तांबडा कोंबडा हाय. तो आरवला की गुजरातमध्ये माणसं उठतात. त्याला गप करून दाखव. गप राहिला तर कोंबडा तुझा."

"आन् आरवला तर?"

हाल्यानं जरा विचार केला. "तर इथं सगळ्यांसमोर बोलायचं, माझी बायको थापाडी होती."

बाई म्हणाल्या, "अहो, असं काय बोलता?" पण शुक्रा थांबला नाही.

"बोलीन," तो म्हणाला.

रखमीचं नाव आजवर कुठं लिहिलेलं असेल तर ते रेशनकार्डावर. मागच्याच महिन्यात तलासरीच्या कचेरीत तिथून ते कमी करून घेतलं होतं. साहेबानं पेनानं एक रेघ मारली आणि कार्ड परत दिलं. शुक्राला बाईंच्या मोठ्या कागदावर ते नाव पाहिजे होतं. आता त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी उजाडायच्या आधीच शुक्राच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. जयश्रीबाई तलासरीहून पहिल्या जीपनं आल्या. हाल्या तांबडा कोंबडा काखेत धरून आला. त्याची छाती कोंबड्यापेक्षा पुढं होती.

शुक्रानं कोंबड्या डालायचं बांबूचं डालगं आणलं. पाड्यावर घरोघरी असतं तसंच, घुमटासारखं, उंच. कोंबडा खाली ठेवला, वरून डालगं घातलं आणि त्यावर दगड ठेवला. सगळे गोल करून बसले.

पलीकडच्या पाड्यावर एक कोंबडा आरवला. मग नदीच्या अंगाला दुसरा. डालग्यात खसखस झाली.

"कुकूच्... कू!"

तांबडा असा आरवला की दगडच खाली पडेल असं वाटलं. माणसं हसता हसता एकमेकांवर पडली. तांबड्यालाही चेव आला. तो पुन्हा पुन्हा आरवला. डालग्याच्या फटींतून त्याची मान चांगली सरळ उभी दिसत होती.

शुक्रा डालग्याजवळ उकिडवा बसला होता. तो उठला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

"कागद मंगळवारी जाणार आहे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "आज काही बोलायची गरज नाही."

हाल्यानं कोंबडा काखेत मारला. सगळे हसत होते, पण तो हसत नव्हता. "उद्या बोल, दाजी," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

शुक्रा विळा घेऊन गवत कापायला गेला. रागानं कापत सुटला. हाल्याचा राग, कोंबड्याचा राग, आणि खरं सांगायचं तर रखमीचा पण. एवढी मगर सांगायची काय गरज होती? मग कोण विश्वास ठेवणार?

दुपारी तो सावलीला बसला आणि तिचं बोलणं आठवायला लागला. ती गोष्ट तिनं किती वेळा सांगितली असेल. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता. कोंबड्यापाशी आली की ती पीठ लागलेला हात जमिनीवर आडवा धरायची. असा, तळवा खाली, जमिनीपासून वीतभर. आणि म्हणायची, "एवढ्यात ठेवायचा त्याला."

शुक्रानं स्वतःचा हात तसाच गवतावर धरून बघितला.

वीतभर! आणि डालगं तर गुडघ्याच्या वर येतं. त्यात कोंबडा मान ताणून नाचला तरी चालेल. आणि डोंगरात पळणाऱ्या माणसांकडं डालगं आलं कुठून? पोलीस मागे असताना कोण डालगं डोक्यावर घेऊन पळेल? भाताच्या खाचरातून उठून पळाली होती ती माणसं. परतीच्या पावसाचे दिवस. खाचरातल्या माणसाच्या अंगावर काय असतं?

"इरलं!" शुक्रा ओरडला. शेजारी चरणारी शेळी दचकून पळाली.

बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, म्हणजे वाकून लावणी करताना पाठ भिजत नाही. ते जमिनीवर पालथं घातलं तर खाली वीतभरच जागा राहते. आज पाड्यावर सगळे प्लॅस्टिकचा कागद घेतात. इरलं कोणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं. घरात रोज डालगं दिसतं म्हणून त्यानं डालगं घेतलं होतं.

विळा तिथंच टाकून तो पाड्याकडं धावला. पाच-सहा घरं फिरला. कोणाकडं इरलं नव्हतं. एकानं सांगितलं, मोडून चुलीत घातलं. दुसरा म्हणाला, मुंबईचा कोणी हॉटेलवाला भिंतीवर लावायला घेऊन गेला. शेवटी तो बुधीच्या घरी गेला. बुधी पाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई, आणि सगळ्यात तिखट जिभेची.

"आजी, इरलं हाय काय?"

"पाऊस गेला ना रे आता. रडून रडून तुझ्यावरच पडतोय काय?"

"कोंबड्याला पाहिजे."

बुधीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या हलल्या. "रखमीचा कोंबडा?"

"हां."

"लाकडांवर पडलंय बघ. पण मी पण येणार बघायला. मला उचलून न्यायला लागंल."

सोमवारी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शुक्रानं रात्रीच हाल्याकडून आणखी एक डाव मागून घेतला होता, आणि बातमी शेजारच्या पाड्यांवर गेली होती. जीपवाल्या नविननं तलासरीची जीप रस्त्यावर उभी केली आणि आतली माणसं पण उतरून आली. त्यांतल्या एका बाईच्या मांडीवर भाजीची पाटी होती, ती पाटीसकट आली. मनिष आणि योगिता, शुक्राचा मुलगा-सून, कामाला डहाणूला जायचे ते थांबले. दोघांनी बुधीला खाटेवर घालून आणलं होतं.

हाल्यानं कोंबडा दिला. "चोच बांधायची नाय हां."

"तूच ठेव आत तुझ्या हातानं."

हाल्यानं तांबड्याला जमिनीवर बसवलं. शुक्रानं वरून इरलं पालथं घातलं आणि फटींवर गवत लावलं. आत अंधार झाला. तांबडा एकदा फडफडला. इरलं जरा उचललं गेलं, शुक्रानं दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग आतली हालचाल थांबली.

आकाश तांबूस झालं. पलीकडचा कोंबडा आरवला. नदीच्या अंगाचा आरवला. मग पाड्यावरचे सगळे एकामागून एक सुरू झाले, पुढच्या दारचे, मागच्या दारचे, जसं काय त्यांनी पण पैज लावली होती.

इरल्याखालून आवाज आला. "गुर्र..."

"आता!" कोणीतरी म्हणालं.

"गप रं!" बुधी खेकसली.

"गुर्र... गुर्र..." तांबडा घशातल्या घशात कुरकुरला. इरल्याच्या कामट्यांवर टक टक झालं. त्याचं डोकं वर लागत होतं. हाल्या गुडघ्यांवर बसला आणि त्यानं इरल्याला कान लावला. शुक्राच्या कपाळावरून घाम निथळत होता. प्रगतीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, तिलाच आरवायचं असल्यासारखं.

ऊन कौलांवर आलं. मग अंगणात उतरलं. गावातले कोंबडे आरवून आरवून दमले आणि दाणे टिपायला लागले. इरलं गप्प होतं.

"मेला की काय?" जीपवाला नविन म्हणाला.

शुक्रानं इरलं उचललं. तांबडा उठला, अंग झाडलं, चिडून सगळ्यांकडं बघितलं, मान आभाळाकडं ताणली आणि असा आरवला की भाजीवाल्या बाईच्या पाटीतली वांगी खाली सांडली.

अंगणात एकच गलका झाला. मुलं उड्या मारायला लागली. मनिषनं बापाला उचलून धरलं. जयश्रीबाई म्हणत होत्या, "अंधार पण होता हो आत, आणि मान पण वर होत नव्हती," पण ऐकायला कोणी नव्हतं. शुक्रा "सोड रं, सोड" म्हणत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं, डोळे पण आवरत नव्हते.

हाल्या अजून गुडघ्यांवरच बसला होता. गलका जरा कमी झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, कोंबडा तुझा."

"राहू दे तुझा कोंबडा."

"नाय, तुझाच." मग तो बुधीकडं वळला. "आयेनं हे तिला सांगितलं. मला का नाय सांगितलं?"

"तू आयेजवळ बसलास कवा?" बुधी म्हणाली. "ती भाकरी थापायला बसायची, रखमी पीठ मळायला बसायची. तू भाकरी झाली की यायचास."

माणसं पुन्हा हसली. या वेळी हाल्या पण हसला, पण त्याला लागलं होतं ते दिसत होतं.

बाईंनी मोठा कागद खाटेवर पसरला. उत्तर लिहिलं. खाली लिहिलं, सांगणारी: रखमी शुक्रा वरठा. शुक्राला वाचता येत नव्हतं. त्यानं ते कुठं लिहिलंय ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती, बोटाला लागली.

"रखमीच्या आयेचं पण लिहा," तो म्हणाला. "जिजा. कोंबडा झाकला तिनं. रखमीनं नुसतं सांगितलं." हाल्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

बाईंनी जिजाचं नाव लिहिलं. तेवढ्यात प्रगती पुढं आली. शनिवारचं लाजणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"बाई, कोंबडा गप बसला. पण बारकी बाळं रडली तर?"

सगळे शुक्राकडं बघायला लागले. शुक्रानं आठवून बघितलं. पुन्हा आठवून बघितलं. चुलीपुढची रखमी, पिठाचा हात, सगळं आलं, पण बाळांचं काहीच आलं नाही. हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

"मला नाय ठावं," तो म्हणाला. "तिला ठावं असंल."

हाल्यानं घसा खाकरला.

"ते मला ठावं हाय."

"तुला?" बुधी म्हणाली.

"आयेनं सांगितलं होतं. मी तापानं पडलो होतो तेव्हा, कपाळावर पट्टी ठेवताना. रखमी झोपली होती." हाल्या बाईंकडं बघून जरा अडखळला. "पण ते कागदावर लिहू नका. बोट ताडीत बुडवायचं आन् बाळाला चाटवायचं. बाळ झोपतं."

"तरीच तू असा झालास!" बुधी ओरडली, आणि हशा असा उठला की तांबडा घाबरून छपरावर चढला.

जीपवाला नविन रस्त्यावरून हाका मारत होता, तलासरी, तलासरी! शुक्रा हाल्याजवळ सरकून बसला. रखमीच्या घरची एक गोष्ट अशी होती, जी रखमीलाही माहीत नव्हती. त्यानं हाल्याचा दंड धरला.

"हाल्या, आन् काय सांगायची आये? त्या तापात आन् काय सांगितलं? सगळं सांग."